ऊसतोड कामगारांचा रेडिओ करायचा असेल तर

बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यातल्या एका मुलीनं प्रश्न विचारलाय. आई-वडील दरसाल कारखान्याला जातात, ती स्वतः लहानपणी कोपीत, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, राहिलेली, आता छत्रपती संभाजीनगरला पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला ऊसतोड कामगारांच्या हक्कांवर स्वतंत्र रेडिओ करायचाय. परवाना लागतो का, संघटनेच्या मदतीनं करावा का, पैसे कुठून आणायचे, मुकादमाच्या, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराच्या, धाकातली माणसं बोलतील कशी, गाव सोडून गेलेल्या टोळ्यांपर्यंत कार्यक्रम पोचवायचा कसा, असे तिचे प्रश्न आहेत. शेवटी जरा चाचरत तिनं आणखी एक विचारलंय: माझ्या आईची मुलाखत घेऊ का?

मी आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून सुरुवात केली. पुढं काही वर्षं एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर होते, आणि आता बरीच वर्षं रेकॉर्डर घेऊन एकटीच फिरते. तू परवान्यापासून सुरुवात केलीस. मी धाकापासून करते, कारण बाकी सगळ्याची उत्तरं त्यातूनच निघतात.

वर्तमानपत्रात नाव बदलता येतं. ‘नाव न सांगण्याच्या अटीवर’ लिहिलं की माणूस झाकला जातो. रेडिओत आवाज हेच नाव असतं. टोळीतली माणसं पाच-सहा महिने कोपीला कोपी लावून राहतात, अंधारात कोण खोकलं तेसुद्धा त्यांना कळतं. त्यांच्यातल्या बाईचा आवाज ‘एक ऊसतोड महिला’ म्हणून लावला, तर ती कोण हे फक्त शहरातल्या श्रोत्याला कळत नाही. ज्याच्यापासून तिला लपवायचं त्याला पहिल्या वाक्यात कळतं.

हे मी शिकले ते दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान करून. सामुदायिक केंद्रावर नवीन असताना एका बाईची मुलाखत घेतली. तापानं तीन दिवस फडात जाता आलं नाही, तर मुकादमानं खाडा धरला, आणि नवरा कामावर जात असतानाही दोघांचे पैसे कापले. नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही, मला वाटलं पुरेशी काळजी घेतली. कार्यक्रम संध्याकाळी लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाला ठाऊक होतं. त्या वर्षी त्यानं सगळ्या टोळीला उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, दिली, त्या एका घराला दिली नाही. दिवाळीनंतर तीन आठवडे ते नवरा-बायको मुकादम शोधत फिरले आणि शेवटी कमी उचलीवर दुसऱ्या टोळीत गेले. पुढच्या उन्हाळ्यात मी तिला भेटायला गेले तेव्हा ती मला एक शब्दही लावून बोलली नाही. चहा ठेवला आणि म्हणाली, “माझा आवाज लई चांगला आला म्हणं रेडिओवर. मला कुठं ऐकायला भेटला.”

त्यानंतर माझी पद्धत बदलली, ती सांगते. परवानगी एकदा विचारून भागत नाही. रेकॉर्डिंगच्या आधी विचारायचं, रेकॉर्डिंग झालं की तिथंच बसून सगळं ऐकवायचं आणि परत विचारायचं, आणि प्रसारणाच्या आदल्या दिवशी फोन करून तिसऱ्यांदा विचारायचं. मधल्या काळात मुकादम बदललेला असतो, मुलीचं लग्न ठरलेलं असतं, नाही म्हणायला शंभर कारणं तयार झालेली असतात. त्यातलं एकही कारण तिनं तुला समजावून सांगायची गरज नाही. ‘नको’ म्हटलं की फाईल बाजूला ठेवायची.

आवाज मशिनवर जाड-बारीक करण्यावर विसंबू नकोस. बोलण्याची लकब, शब्द, हेल तसेच राहतात. ‘गेल्ते’ म्हणणारी बाई कुठली आणि ‘गेलतो आम्ही’ म्हणणारी कुठली, हे आपल्याकडं पोरासोरांनाही कळतं. त्यापेक्षा तिचं बोलणं शब्दशः उतरवून दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या तालुक्यातल्या बाईकडून वाचून घे, आणि श्रोत्यांना तसं स्पष्ट सांग: शब्द त्यांचे आहेत, आवाज दुसऱ्याचा आहे. ज्या ऊसतोड करणाऱ्या बायकांनी माझ्यासाठी असं वाचून दिलं, त्यांनी ते फार जीव लावून वाचलं. वाचता वाचता थांबून “हे माझ्याबी बाबतीत झालंय” म्हणणाऱ्या निघाल्या, आणि तिथून पुढचा कार्यक्रम मिळाला.

कधी बोलायचं यालाही महत्त्व आहे. तुला हे वर्ष पाठ आहे, पण पत्रकार म्हणून ते पुन्हा बघ. पावसाळ्यात उचलीची बोलणी, दसरा-दिवाळीला गाड्या भरायच्या, मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपून कारखाना बंद झाला, की परत. हिशेब पुरा झालाय, अंगावर बाकी नाही आणि नवी उचल अजून घेतलेली नाही, हे थोडेच आठवडे असे असतात की माणूस कुणाचा देणेकरी नसतो. या दिवसांत लोक मोकळं बोलतात. ज्यांच्या वर्षात असे आठवडे येतच नाहीत, जुनी बाकी नव्या उचलीत जाते आणि ती त्याच्या पुढच्या वर्षात, त्यांची गोष्ट सगळ्यात आधी करायला हवी आणि सगळ्यात जपून. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा नेमका आगाऊ रकमेच्या बदल्यात अडकवून घेतलेल्या श्रमाबद्दल बोलतो. एखाद्या टोळीला डांबून ठेवलंय असं तुला कळलं, तर त्या दिवशी तू आधी कार्यक्रम करायचा नाहीस. त्या कायद्यानं जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. तिथं लेखी कळवायचं, प्रांत कार्यालयात कळवायचं, आणि माणसं सुखरूप बाहेर येईपर्यंत ठिकाणाचा उच्चार कुठंही करायचा नाही. बातमी चार दिवसांनी शिळी होत नाही.

आता परवान्याकडं. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या निकालात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं म्हटलं. त्यानंतर शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचं दार उघडलं. पण तुला एकटीला परवाना मिळणार नाही. व्यक्तीला तो मिळत नाही. संस्था हवी, आणि तिनं किमान तीन वर्षं काम केलेलं हवं. राजकीय पक्षाशी जोडलेल्या संघटनांना, त्यांच्या कामगार संघटना धरून, तो मिळत नाही. ट्रान्समीटर १०० वॅटचा, म्हणजे साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. वडवणीत केंद्र काढलंस तर धारूरच्या घाटापलीकडं जाणार नाही. कर्नाटकात बेळगावकडं किंवा कोल्हापूर-सांगलीला गेलेल्या टोळीला तर तो ऐकूच येणार नाही.

आणि मोठी अडचण पुढंच आहे. सामुदायिक रेडिओवर बातम्या आणि चालू घडामोडी देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र लावता येतं, एवढंच. हवामान, बाजार, रोजगाराची माहिती, आरोग्य, स्थानिक प्रशासनाच्या सूचना हे चालतं. ‘किमान वेतनाचा कायदा काय सांगतो’ हा कार्यक्रम करता येतो. ‘अमुक कारखान्यानं तमुक टोळीचे पैसे ठेवले’ हे सांगितलं की तू बातमी दिलीस. मी या कुंपणावर काही वर्षं चालले आहे. हा नियम मला चूक वाटतो, आजही वाटतो. ज्यांच्या हातात सगळ्यात कमी माध्यमं आहेत त्यांच्याच रेडिओला बातमी नाकारायची, याचं समाधानकारक कारण मला कुणी दिलेलं नाही. पण परवाना त्या अटीवर मिळतो, आणि तुझ्या एका कार्यक्रमापायी अख्खं केंद्र, तिथं काम करणाऱ्या बाया, त्यांची शेतीची आणि आरोग्याची सदरं धोक्यात घालायचा हक्क तुला नाही.

म्हणून माझा सल्ला असा की काम दोन भागांत कर. कायदा, हिशेब, आरोग्य, योजना यांचे कार्यक्रम सामुदायिक केंद्राला किंवा आकाशवाणीला दे. बीड, परभणी, नांदेड, धाराशिव, संभाजीनगर, सगळीकडं आकाशवाणी आहे आणि चांगला तयार कार्यक्रम नेला तर ऐकून घेणारी माणसं तिथं आहेत. जी बातमी आहे ती रेकॉर्ड करून इंटरनेटवरून, व्हॉट्सॲपवरून, हातोहात दे. त्याला प्रसारणाचा परवाना लागत नाही. मात्र बदनामीचा कायदा तिथंही आहेच, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. दर वेळी समोरच्या बाजूला विचारायचं, विचारल्याची तारीख-वेळ लिहून ठेवायची, उत्तर दिलं नाही तर तसं सांगायचं.

हातोहात म्हणजे काय, ते सविस्तर सांगते, कारण या बाबतीत मराठवाड्यातल्या पोरांना पुण्या-मुंबईच्या पॉडकास्टवाल्यांपेक्षा जास्त कळतं. फडावर रेंज नसते, डेटा संपलेला असतो, पण ट्रॅक्टरच्या टेपला पेनड्राईव्ह असतो. रात्रभर कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत उभं राहायचं तर ड्रायव्हरला गाणी लागतात. मी गावातल्या मोबाईल शॉपीवाल्याशी बोलले, जो कार्डात गाणी भरून देतो. भक्तिगीतं आणि डीजेच्या गाण्यांच्या मध्ये आमचे आठ-आठ मिनिटांचे भाग त्यानं फुकट भरून दिले, कारण त्याचे वडीलसुद्धा कोयत्यावर होते. एकदा माणसं निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमाराला, असे पेनड्राईव्ह गाड्यांबरोबर गेले की ते पाच महिने वाजत राहतात. फाईल लहान ठेव. मोनो आणि ६४ केबीपीएसवर दहा मिनिटांचा भाग पाच एमबीच्या आत बसतो, बोलण्याला तेवढं पुष्कळ झालं. आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तारीख बोलून टाक, नाहीतर मागच्या वर्षीचा दर ऐकून कुणीतरी यंदा भांडायला जाईल.

उदगीर-बीदरच्या पलीकडं, तेलंगणातल्या जहीराबादजवळच्या माचनूर गावात दलित बायकांचा संघम रेडिओ आहे. त्यांनी स्टुडिओ नव्वदच्या दशकाच्या शेवटी उभा केला आणि परवाना मिळून प्रसारण सुरू झालं ऑक्टोबर २००८ मध्ये. मधली जवळपास दहा वर्षं त्या बाया कार्यक्रम रेकॉर्ड करत होत्या आणि गावोगावच्या संघमच्या, म्हणजे बायकांच्या गटांच्या, बैठकीत कॅसेट लावून ऐकवत होत्या. परवाना येईपर्यंत थांबायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. छत्तीसगडमध्ये २०१० पासून सीजीनेट स्वरानं साध्या फोनवरून माणसांना आपली तक्रार स्वतः बोलून नोंदवता येईल अशी सोय केली. तसा फोन नंबर चालवायला महिन्याचा खर्च येतो, म्हणून पहिल्या वर्षी त्यात पडू नकोस. व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप घे.

संघटनेबद्दल. मी चळवळीतल्या घरातली आहे. संप मोडताना काय होतं हे लहानपणी पाहिलंय, त्यामुळं संघटनेचं मोल मला कुणी सांगायला नको. ऊसतोडीचा दर वाढला तो मागून वाढला नाही, कोयता बंद ठेवल्यानं वाढला. तरी तुझा रेडिओ संघटनेचा नको. संघटनेचा माणूस तुझा स्रोत आहे, तुझा मालक नाही. पुढाऱ्याचं भाषण लावायला इतर पुष्कळ जागा आहेत.

नेमकं उदाहरण देते. ऊसतोडीचा दर कारखान्यांच्या आणि कामगारांच्या बाजूचे नेते बसून ठरवतात, लवाद म्हणतात त्याला. २०२० मध्ये १४ टक्के वाढ ठरली, जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के. दोन्ही वेळा घोषणेच्या दिवशी कॅमेरे होते, गुलाल होता, दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो होते. आपला कार्यक्रम त्या दिवशी करायचा नसतो. तो पट्टा पडल्यावर करायचा, हिशेबाचा कागद हातात घेऊन. वाढ कुठल्या तारखेपासून धरली? आधी तोडलेल्या उसाचा फरक दिला का? मुकादमापर्यंत आलेली वाढ कोयत्यापर्यंत पोचली का? हे प्रश्न कारखान्याला विचारायचे, मुकादमाला विचारायचे, आणि ज्यांनी वाढ मिळवली असं सांगितलं त्या संघटनेलाही विचारायचे. पहिल्या वेळी संघटनेतली माणसं रागावतील. माझ्यावर रागावली होती. दोन वर्षांनी तीच माणसं आमच्या कार्यक्रमातले हिशेब घेऊन सहायक कामगार आयुक्तांकडं गेली, कारण त्या हिशेबांवर कुणाला बोट ठेवता आलं नाही.

हिशेब हाच तुझा मुख्य कार्यक्रम कर. नुसतं उदाहरण म्हणून घे: दर टनाला ३५० रुपये आणि एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायको दोघांनी मिळून, हंगामात २४० टन तोडला, तर झाले ८४ हजार. उचल होती १ लाख. मग अंगावर १६ हजार. आता यातून खाड्याचे किती कापले, दवाखान्याला दिलेले किती धरले, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेले कुणाकडं गेले, आणि २४० टन हा आकडा कुणाच्या चिठ्ठ्यांवरून आला? एक घर, एक हंगाम, सगळे आकडे, आठ मिनिटं. लोक गाणं थांबवून हे ऐकतात. ऐकता ऐकता बोटांवर आपलं मोजतात. आणि मग वहीत लिहायला लागतात. आमच्याकडं काही बायकांनी पोराच्या शाळेच्या वहीत रोजच्या खेपा टिंबांनी मांडायला सुरुवात केली होती, शाळेत कधी न गेलेल्या बायकांनी.

पण आकडा चुकवू नकोस. एकदा मी तोडणीचा दर सांगताना मुकादमाचं कमिशन त्यात मिळवून सांगितलं. कमिशन वेगळं असतं, ते कामगाराच्या दराच्या वर असतं. दोन गावांत लोक त्या चुकीच्या दरावरून मुकादमाशी भांडले आणि तोंडघशी पडले. पुढच्या भागात सुरुवातीलाच, गाण्याच्याही आधी, मी माझ्या तोंडानं चूक सांगितली, बरोबर आकडा तीनदा वाचला, आणि त्या दोन गावांत जाऊन माफी मागितली. चूक दुरुस्त करायची ती जितक्या मोठ्यानं केली तितक्याच मोठ्यानं.

कायदेही आता नवे वाचावे लागतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि किमान वेतन, कंत्राटी कामगार, आंतरराज्य स्थलांतरित कामगार हे जुने कायदे त्यांत गेले. तुझ्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकात अजून १९७९ चा स्थलांतरितांचा कायदा शिकवला असेल, तो तसाच माईकवर सांगू नकोस. वेठबिगारीचा १९७६ चा कायदा मात्र वेगळा आहे आणि तसाच आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचंही एक सदर ठेव. गाळलेल्या उसामागं टनाला १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारनं द्यायचे, त्यातून हे महामंडळ चालायचं. ओळखपत्र कुणाला मिळालं, मुलांसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृहांत खरोखर किती मुलं झोपतात, हे गावोगाव विचारत राहा. महिन्यातून एकदा, न चुकता.

पैशांचं थोडक्यात. सामुदायिक केंद्राला आता तासाला १२ मिनिटं जाहिराती घेता येतात, आणि आपल्या भागात ऑक्टोबर आला की जाहिरातदार कोण, तर बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आणि मोळीपूजनाच्या शुभेच्छा देणारे कारखाने. त्या घ्यायच्या नाहीत. पतसंस्थेचीही बघून घे, संचालक मंडळ तेच असतं. बोलिव्हियातल्या कथिलाच्या खाणकामगारांनी १९४० च्या दशकाच्या शेवटापासून स्वतःची रेडिओ केंद्रं चालवली, मजुरीतून वर्गणी काढून. जुलै १९८० मध्ये तिथं लष्करानं सत्ता घेतली तेव्हा ही केंद्रं एकमेकांना जोडून, सैनिक दारात येईपर्यंत बोलत राहिली. त्यांना कुणी जाहिरात बंद करण्याची धमकी देऊ शकत नव्हतं. तू गावागणिक दहा-दहा रुपयांनी सुरुवात कर. रक्कम हास्यास्पद वाटली तरी कर, आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च कार्यक्रमातच वाचून दाखव. आपण दुसऱ्यांचा हिशेब मागणार, तर आपला आधी द्यायला हवा. पोटासाठी दुसरं काम धर. भाषांतर, आवाज देणं, शिकवणी, काहीही. मी आजही करते.

बायकांच्या मुलाखतीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. दोघं मिळून एक कोयता, पण हिशेब नवऱ्याच्या नावावर. मुलाखतीलाही तोच पुढं बसतो. तू बाईला एकटी गाठ. पाण्याला जाताना, भांडी घासताना, चुलीपुढं. चुलीचा आवाज, लेकराचं रडणं, मोळी बांधतानाचा पाचटाचा खसखसाट येऊ दे रेकॉर्डिंगमध्ये, तो कचरा नाही. फक्त वाऱ्याकडं पाठ करून बस आणि माईक तोंडापासून वीतभर ठेव. प्रश्न एक विचार आणि गप्प बस. आपल्याला गप्प बसवत नाही, हा रेडिओवाल्यांचा सगळ्यात मोठा दोष.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांची बातमी जगभर गेली. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. आकडा भयंकर आहे आणि तो पुन्हा पुन्हा सांगायला हवा. पण त्या दिवसांत गावांत गाड्याच्या गाड्या यायच्या, कॅमेरा लावून बायकांना पहिला प्रश्न पिशवीचाच विचारायचा, सासऱ्यासमोर, दिरासमोर. नंतर मी गेले तर बाया दार लावून घ्यायच्या. एका वस्तीवर तीन वेळा नुसतीच जाऊन बसले. चौथ्या वेळी एकीनं स्वतःहून सुरुवात केली, आणि ती ऑपरेशनाबद्दल अर्धा तास बोललीच नाही. फडात आडोसा नाही, पाळीत बदलायला जागा नाही, पाणी नाही, दुखतं म्हणून बसलं तर खाडा, यावर बोलली. मग म्हणाली, “एवढ्या भानगडीपरीस पिशवी काढलेली बरी, असं वाटतं बाईला.” डॉक्टर, मुकादम, कारखाना, सरकार, सगळ्यांना विचारायचा प्रश्न त्या एका वाक्यात होता. पिशवीपासून सुरुवात केली असती तर ते वाक्य मला मिळालं नसतं.

ऊसतोडीपुरतंच राहू नकोस, पण पहिलं वर्षभर राहा. नंतर वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गेटवर शिफ्ट सुटताना उभी राहा, कंत्राटी पोरांत निम्मी आपल्याच तालुक्यांतली भेटतील. जालन्याच्या सळईच्या कारखान्यांत परप्रांतीय कामगार भट्टीपुढं असतात, तिथं हिंदीत कार्यक्रम करावा लागेल. लातूरच्या मोंढ्यात हमालांना विचार की १९६९ चा माथाडी कायदा त्यांना कागदावर भेटला की पाठीवर.

आणि तुझी आई. घे तिची मुलाखत. सगळ्यात पहिली तिचीच घे, पण लावण्यासाठी घेऊ नकोस. तू तिची मुलगी आहेस, ती तुला नाही म्हणणार नाही, आणि म्हणूनच तिचा होकार धरता येत नाही. तुझं शिक्षण कुठल्या उचलीतून झालं, कुठल्या साली अंगावर किती राहिले, तुला कोपीत एकटी ठेवून पहाटे जाताना ती दार कशानं बांधायची, हे विचार. रेकॉर्डिंग झालं की लगेच हेडफोन तिच्या कानाला लाव आणि पहिल्यापासून ऐकव. ती कुठं हसते, कुठं हेडफोन काढून ठेवते, ते बघ. जिथं “हे काढून टाक” म्हणेल, तिथं तिच्यादेखत काढ. ती फाईल तुझ्याकडं ठेव. पट्टा पडून ते घरी येतात ना एप्रिलात, तेव्हाच जा.